मित्र किती लांब आहे?

गेल्या अंकात नरतुरंग तारकासमूहातल्या 'मित्र' या ताऱ्याविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. सूर्य सोडला, तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत तो आपल्याला सगळ्यात जवळचा. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : सर, १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी सहावीत होतो. बातमी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकली. आता मंगळाचं चाललंय. मग या मित्रकडे माणूस कधी जाईल? माझा नातू चार वर्षांचा आहे. त्याच्या हयातीत होईल का?
*केळी उत्पादक शेतकरी, रावेर तालुका*

दादा, आधी उत्तर सांगतो, कारण मग. नातवाच्या हयातीत माणूस तिकडे जाणार नाही. एखादं यंत्र निघालेलं मात्र तो बघू शकेल, अशी मला आशा आहे.

आता कारण. तुम्ही-आम्ही भुसावळ जंक्शनवर अर्धं आयुष्य गाड्यांची वाट बघितलेली माणसं, म्हणून हिशेब तिथूनच मांडू. फलाटाच्या एका टोकाला हरभऱ्याचा दाणा ठेवा. तो सूर्य. त्याच्यापासून एक मीटरवर पृथ्वी, डोळ्याला जेमतेम दिसेल असा धुळीचा कण. पृथ्वीपासून चंद्र किती लांब? अडीच मिलिमीटर, म्हणजे तिळाचा दाणा मध्ये ठेवला की संपलं. माणसाने स्वतः केलेला सगळ्यात लांबचा प्रवास एवढाच. शेवटचा ग्रह नेपच्यून तीस मीटरवर, फलाटावरच्या चहाच्या टपरीपाशी. ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज १७० मीटरच्या आसपास पोचलं आहे. माणसाने बनवलेली दुसरी कुठलीही वस्तू त्याच्याइतकी लांब गेलेली नाही. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने ते जवळजवळ पन्नास वर्षं धावतंय, आणि आपल्या हिशेबात त्याने अजून भुसावळचा फलाट सोडलेला नाही.

आणि मित्र? तो नाशिकरोड मागे टाकून आणखी पुढे, २७६ किलोमीटरवर, दुसरा एक हरभरा. त्याचा एक मंद सोबती आहे, प्रॉक्सिमा. तो थोडा अलीकडे, २६८ किलोमीटरवर. मधल्या सगळ्या वाटेत स्टेशन नाही, सिग्नल नाही, पाण्याचा नळ नाही.

खऱ्या आकड्यांत बोलायचं, तर मित्र ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे आणि प्रॉक्सिमा ४.२४. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तरी त्याला सव्वाचार वर्षांच्या वर लागतात. व्हॉयेजरच्या वेगाने प्रॉक्सिमा गाठायला ७५ हजार वर्षं लागतील. डिसेंबर २०२४ मध्ये पार्कर नावाचं यान सूर्याजवळून सेकंदाला १९२ किलोमीटर वेगाने गेलं. माणसाच्या हातून बनलेल्या वस्तूचा हा सगळ्यात मोठा वेग. पण तो सूर्याच्या ओढीने मिळालेला, विहिरीत पडणाऱ्या दगडासारखा. तो तसाच टिकला असं धरलं, तरी प्रॉक्सिमापर्यंत सहा हजार सहाशे वर्षं.

मग वेग का वाढवत नाही? तुम्ही विजेच्या बिलावर मोटार चालवणारे, म्हणून हे युनिटमध्ये सांगतो. एक किलो वजन प्रकाशाच्या दहा टक्के वेगाला न्यायचं, तर साडेबारा कोटी युनिट लागतात. दीपनगरच्या औष्णिक केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच रात्रंदिवस चालवला, तर दिवसाला एक कोटी वीस लाख युनिट होतात. म्हणजे एका किलोसाठी तो संच साडेदहा दिवस चालवायचा, आणि तोही एक युनिट वाया न घालवता. तुमच्या केळीची एक रास, म्हणजे एक घड, वीस-पंचवीस किलोची. एका राशीला सात ते नऊ महिने. यानाचं वजन हजारो टन असणार. शिवाय तिथे पोचल्यावर थांबायचं असेल, तर ब्रेक लावायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा, आणि तिचं इंधन इथून सोबत न्यायचं, म्हणजे त्या इंधनाला पळवायला आणखी इंधन. हा गुंता सुटत नाही म्हणून अडलंय.

सोडवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९७३ ते १९७८ या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या लोकांनी 'डेडॅलस' नावाचं यान कागदावर पूर्ण मांडलं. सूर्यात जशी अणूंची जुळणी होऊन ऊर्जा निघते, तसं इंजिन. निघतानाचं वजन ५४ हजार टन, त्यातलं ५० हजार टन इंधन. प्रकाशाच्या बारा टक्के वेगाने पन्नास वर्षांत बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत. त्यात माणूस नव्हता, आणि ते तिथे थांबणारही नव्हतं, नुसतं जवळून निघून जाणार होतं. त्या मंडळींनी हिशेब लपवले नाहीत, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

नातवाविषयीची माझी आशा दुसऱ्या कल्पनेवर आहे. २०१६ साली स्टीफन हॉकिंग आणि युरी मिलनर यांनी ती जगापुढे ठेवली. यान काही ग्रॅमचंच करायचं, त्याला पातळ शीड लावायचं, आणि जमिनीवरून प्रचंड लेसरचा झोत टाकून ते ढकलायचं. इंधन सोबत नाहीच. वेग प्रकाशाच्या वीस टक्के, प्रवास वीस-बावीस वर्षांचा, आणि तिथून फोटो यायला आणखी चार वर्षं. तसं यान अजून कोणी सोडलेलं नाही, आणि अडचणी डोंगराएवढ्या आहेत. पण नातू आज चार वर्षांचा आहे. त्याच्यापुढे वेळ आहे.

प्रश्न : प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाता येईल का? अवकाशात शॉर्टकट असतात म्हणे.
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धुळे*

१९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की यानाच्या पुढचं अवकाश आकुंचन पावलं आणि मागचं प्रसरण पावलं, तर यान त्या लाटेवर बसून प्रकाशाच्या आधी पोचेल. गणित आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताच्या चौकटीत बसतं. मात्र त्यासाठी ऋण, म्हणजे शून्यापेक्षाही कमी, ऊर्जा लागते, आणि तीही अफाट प्रमाणात. तेवढी ती कोणी पाहिलेली नाही, बनवलेली नाही. अवकाशातल्या बोगद्यांचीही तीच अडचण. तू गणित शिकतोयस, ते पूर्ण शिक. तोवर या वाटेवर मी भरवसा ठेवणार नाही.

प्रश्न : सर, खूप वेगाने गेलं की वय हळू वाढतं, असं आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलं. हे खरं आहे का? मी मित्रकडे जाऊन परत आले तर आई असेल का? मला एक लहान बहीणपण आहे, ती दहा वर्षांची आहे.
*इयत्ता नववी, शहादा*

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न 'आई असेल का' अशा शब्दांत मला कोणी विचारला नव्हता.

तुझ्या सरांनी सांगितलं ते खरं आहे. १९७१ साली दोन शास्त्रज्ञांनी अतिशय अचूक आण्विक घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक आला, आणि गणिताने सांगितला होता तेवढाच आला. आणखी एक पुरावा आत्ता तुझ्या अंगातून जातोय. आभाळात बऱ्याच उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं आयुष्य सेकंदाचा काही लाखांवा हिस्सा. एवढ्यात त्यांनी जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊन संपायला हवं. पण ते प्रकाशाच्या जवळपास वेगाने येतात, त्यांचं घड्याळ आपल्या हिशेबाने हळू चालतं, म्हणून त्यातले पुष्कळ जमिनीपर्यंत जिवंत पोचतात. तळहात आभाळाकडे पसर. त्यातून सेकंदाला एखादा आरपार जात असतो.

आता तुझं गणित करू. वही घे. प्रकाशाच्या ८७ टक्के वेगाने निघालीस, तर तुझं घड्याळ आमच्या घड्याळाच्या निम्म्या गतीने चालेल. वेग घ्यायला आणि कमी करायला लागणारा काळ सोडून देऊ. मित्रपर्यंत आमची पाच वर्षं, परत यायला पाच. इथे दहा वर्षं जातील, तुझी पाचच. तू चौदाची निघालीस तर एकोणिसाची होऊन येशील. आईचं वय दहा वर्षांनी वाढलेलं असेल, आणि आई असेल, दारात उभी असेल. बहीण मात्र दहाची वीस झालेली असेल. आज ती तुला ताई म्हणते ना? त्या दिवशी ती तुझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी असेल, आणि तरीही तुझी धाकटी बहीण असेल. दोघींत ताई कोण, हे सापेक्षतेत लिहिलेलं नाही. ते तुम्ही दोघींनी ठरवायचं.

पण तुला खोटी आशा लावणार नाही. वर रावेरच्या आजोबांना दीपनगरचा हिशेब सांगितला आहे, तो वाच. ८७ टक्के वेगासाठी एका किलोला साडेबारा कोटी नाही, अडीच हजार कोटी युनिट लागतात. म्हणजे तो संच पावणेसहा वर्षं चालवायचा, फक्त एका किलोसाठी. तुझं वजन चाळीस किलो धरलं, तर सव्वादोनशे वर्षांच्या वर, आणि यान अजून धरलेलंच नाही. दुसरी अडचण धुळीची. दहा टक्के वेगालासुद्धा एक मिलिग्रॅमचा कण यानावर आदळला, तर शंभर किलो स्फोटकाएवढा धक्का बसतो. ८७ टक्क्यांना तो किती मोठा होईल, विचार कर.

म्हणून पुढची काही शतकं तरी वेग दहा-वीस टक्क्यांच्या वर जाईल असं मला वाटत नाही. वीस टक्क्यांना घड्याळातला फरक शंभराला दोनच. जाऊन-येऊन ४४ वर्षं. चौदाची गेलेली मुलगी सत्तावन्न-अठ्ठावन्नाची होऊन परत येईल. आईचं वय तू पत्रात लिहिलेलं नाहीस. ही बेरीज तूच कर, आणि आईजवळ बसून कर.

प्रश्न : एवढी वर्षं यानात राहायचं तर खायचं काय, हवा-पाणी कुठून आणायचं? आणि वाटेत मुलं झाली तर त्यांचं काय? आम्ही बचत गटातल्या बायका यावर तासभर बोलत बसलो.
*चाळीसगाव तालुका*

ताई, तुमच्या गटाने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. इंजिनाचं काय ते होईल. मला खरी काळजी याच गोष्टीची वाटते.

पाण्याचं त्यातल्या त्यात बरं आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणता येतं, हे २०२३ साली साधलं. पण ते स्थानक चारशे किलोमीटरवर आहे, खालून मालवाहू यान जाऊन पोचतं. आपल्या फलाटावर मोजलं, तर ते पृथ्वीच्या कणाला चिकटलेलंच आहे.

हवेची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात लगेच कळेल. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात सुमारे तीन एकरांचं काचेचं बंद घर बांधलं होतं, बायोस्फिअर-२. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं राहिली. शेती आत, शेळ्या-कोंबड्या आत, बाहेरून काही नाही. त्यांच्या आहारात केळी होती आणि रताळी होती. पण सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदावर आला. माणसांना धाप लागायला लागली, रात्री झोप येईना, शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. कारण काय निघालं? पीक जोमदार यावं म्हणून माती फार कसदार घातली होती. त्या मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड भिंतींच्या काँक्रीटने शोषून घेतला, म्हणून झाडांना तो परत ऑक्सिजन करून देता आला नाही. शेणखत जास्त झालं आणि माणसं गुदमरली, असं साध्या शब्दांत म्हणता येईल. दोन वर्षांत हे घडलं. ताऱ्याच्या वाटेवर दोनशे वर्षं काढायची आहेत, ती कशी ते पुढे सांगतो.

बियाण्याचंही असंच. २०२५ साली शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात गेले, तेव्हा त्यांनी तिथे मूग आणि मेथी उगवून पाहिली. उगवली. पण उगवणं वेगळं आणि पिढ्यान् पिढ्या पिकवणं वेगळं. आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याने दोन एकरांत उतिसंवर्धित केळी लावली होती. सगळी रोपं एकाच आईची, बेणं निरोगी, वाढ एकसारखी. पावसाळ्यात मावा आला आणि हरण्या रोग पसरला. पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागल्यावर तीन आठवड्यांत अर्धी बाग उपटून बांधावर टाकावी लागली. त्याला बाजूच्या गावातून दुसरी रोपं आणता आली. यानाला बाजूचं गाव नाही. म्हणून मला वाटतं, पहिल्या यानात अभियंत्यांइतकीच अशी माणसं लागतील, जी दहा जातींचं बियाणं मडक्यात राख घालून जपून ठेवतात. तुमच्या गटात अशा आजीबाई असतील. त्यांच्याकडून आत्ताच शिकून घ्या, यानासाठी नाही तरी घरासाठी.

आता मुलांचं. यान हळू गेलं तर ऊर्जा फार कमी लागते. प्रकाशाच्या दोन टक्के वेगाला एका किलोसाठी दीपनगरचा संच दहाच तास चालवावा लागेल. पण मग प्रॉक्सिमाला पोचायला २१२ वर्षं, म्हणजे आठ-नऊ पिढ्या. पहिल्या पिढीने पृथ्वी पाहिलेली, शेवटची पिढी तारा पाहणार, आणि मधल्या सगळ्या वाटेतच जन्मून वाटेतच जाणार. त्यांना कोणी विचारलेलं नसेल.

एप्रिल १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू दाखवायला मी शाळेतली पोरं तापीकाठच्या आमच्या शेतात नेली होती. अमावास्या नुकती झालेली, आणि धूमकेतू दक्षिणेला नरतुरंगाच्याच भागात. आई कंदील आणि चहाचं भांडं घेऊन सोबत आली होती. मध्यरात्र उलटल्यावर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर मित्र दिसला आणि मी पोरांना सांगत होतो, की तिथे एक दिवस माणूस जाईल. आई अमळनेरकडची, लग्न होऊन यावल तालुक्यात आलेली. आमच्या घरात अहिराणी बोलणारी ती एकटीच. तिने विचारलं, "तठे आपलं कोन शे?" तिथे आपलं कोण आहे?

मी त्या रात्री काही बोललो नाही. तिलाही कोणी विचारून आणलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. पण ती आली, तिची बोली तिने आम्हा भावंडांच्या कानात घातली, आणि आज 'आपलं' म्हणताना मला हेच गाव आठवतं. वाटेत जन्मलेल्या मुलांचंही असंच होईल, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं आपलं माणूस यानातच असेल. पृथ्वीचं चित्र बघून एखादी मुलगी विचारेल, तिथे आपलं कोण आहे. मात्र त्यासाठी यानात गाव असावं लागेल. आजी असावी लागेल, भांडणं मिटवणारं कोणी असावं लागेल, एकाला येतं ते दुसऱ्याला शिकवायची रीत असावी लागेल. निवडक शूर माणसांची तुकडी एका पिढीत संपते.

आणि ताई, नऊ पिढ्या एक विद्या टिकते का, याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात दगडावर कोरलेलं आहे. पाटणादेवीला गेलात तर तो शिलालेख विचारा. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे : त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्यापर्यंत नऊ पिढ्या. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने तिथे मठ काढला. मठाचा खर्च कसा चालायचा? लेखाच्या शेवटी तेव्हाच्या मराठीत लिहिलंय, की पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावरचा राजाचा कर मठाला दिला. भाजी-धान्य विकणाऱ्या-घेणाऱ्या माणसांच्या पैशावर इथे ग्रहताऱ्यांचं गणित शिकवलं जात होतं. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तिथेच बसून राहिलो होतो.

प्रश्न : हा मित्र तारा आमच्या गच्चीवरून दिसेल का?
*यावल*

दिसेल, पण थोडेच दिवस आणि थोडाच वेळ. आपल्याकडून तो क्षितिजापासून फक्त आठ अंशांवर येतो. हात सरळ लांब करून मूठ धरा. मुठीच्या उंचीपेक्षाही कमी. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास, महिनाअखेर साडेदहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. सातपुड्याकडे पाठ करून उभे राहा. समोर खाली दोन ठळक तारे शेजारी-शेजारी दिसतील. उजवीकडचा मित्रक, डावीकडचा जास्त तेजस्वी तो मित्र. प्रॉक्सिमा साध्या डोळ्यांना दिसत नाही.

गावातल्या दिव्यांनी दक्षिणेची बाजू उजळली असेल, तर गच्चीऐवजी शेतात जा. एकटे जाऊ नका, आणि पायात बूट, हातात बॅटरी असू द्या. मे महिन्यात बांधावर विंचू फार निघतात.